हॉस्पिटलमधलं एचआर : कोल्हापुरात राहून करिअर होतं का?

शिरोलीकरीण

नमस्कार मंडळी,

मी एमबीए एचआर केलंय आणि सध्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला आहे. काम म्हणजे कंत्राटदारांची हजेरी, पीएफचं चलन, ओव्हरटाइमची भांडणं आणि दिवाळीला गावी गेलेले परत न आलेल्यांची यादी. कंटाळलेय असं नाही, पण इथून पुढं कुठं जायचं ते दिसत नाही. वरची खुर्ची मालकांच्या मुलासाठी राखलेली आहे, आणि कंपनी त्यांची आहे, त्यामुळं तक्रारही नाही.

आता शहरातल्या एका शंभरेक बेडच्या हॉस्पिटलकडून विचारणा झालीय. आजवर तिथं एचआर असं खातंच नव्हतं, अकाउंट्सवाले पगार काढायचे आणि मेट्रन रजा द्यायच्या. आता एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन) करायचं ठरलंय म्हणून माणूस हवाय. पगार आत्ताच्यापेक्षा थोडा कमीच. पप्पा म्हणतात, दवाखान्यात कसली नोकरी करतेस, साखर कारखान्यात चिकट, सणाला साखर तरी येईल घरात.

मला विचारायचंय ते असं: फाउंड्रीतलं एचआर आणि हॉस्पिटलमधलं एचआर यात खरोखर किती फरक आहे? वेगळी पदवी लागते का? आणि पाच-सात वर्षांनी माणूस कुठं पोचतो? पुण्या-मुंबईला जायची तयारी सध्या नाही, आई आजारी असते.

खासबागचा पैलवान

ताई, दवाखान्यात एचआर असतंय व्हय? आमच्या पेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मॅडमच सगळं बघत्यात. पगार बी त्याच देत्यात, खाडा बी त्याच कापत्यात आन् एकादशीला खिचडी बी त्याच वाटत्यात.

भुदरगडी

पैलवान थट्टेत बोलले, पण गोम तिथंच आहे.

माझं सांगतो. कोल्हापूरच्या ‘सायबर’ संस्थेतून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स), मग एका साखर कारखान्यात लेबर ऑफिसला, तिथून हॉस्पिटलमध्ये. आधी कोल्हापूर, आता पुणे. म्हणजे शिरोलीकरीण ताई, तुमच्या पप्पांचा सल्ला मी आधी घेऊन झालोय. साखर मिळते, खरं आहे.

आपल्याकडची बरीच खासगी हॉस्पिटलं एका डॉक्टर जोडप्याच्या दवाखान्यातून वाढली. खाली ओपीडी, मध्ये बेड, वर घर. बेड वाढत गेले तरी कारभार घरचाच राहिला. वहिनींना, म्हणजे डॉक्टरांच्या मॅडमना, वॉर्डातल्या प्रत्येक मावशीच्या लेकीच्या लग्नाची तारीख पाठ असते, आणि ही गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाची आहे, असं मी आजही मानतो. पण बेड साठ-सत्तरच्या पुढं गेले की ते माणसाच्या डोक्यात मावत नाही. कुणाला नेमणूकपत्र आहे, कुणाला नाही. एकाच वॉर्डात एकाच कामाला दोन पगार. असं झालं की एचआर शोधतात, आणि बहुतेक वेळा निमित्त एनएबीएचचं असतं.

फरक विचारलात. फाउंड्रीत तुमच्याकडं कामगार आणि स्टाफ असे दोन थर. हॉस्पिटलमध्ये एका छताखाली चार वेगळी गावं नांदतात. मोठे कन्सल्टंट डॉक्टर बहुतेक ठिकाणी नोकर नसतातच. ते फीवर येतात, फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो, आणि हजेरीचं मशीन दाखवलंत तर तुमच्याकडं अशा नजरेनं बघतात की पुन्हा विचारायची छाती होत नाही. दुसरे आरएमओ, म्हणजे वॉर्डात ड्युटीवर असणारे डॉक्टर. आपल्या भागात त्यात बीएएमएस, बीएचएमएस झालेली मुलं पुष्कळ, पीजीच्या अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून रात्रपाळी मागून घेणारी. तिसरं नर्सिंग, संख्येनं सगळ्यात मोठं. आणि चौथे टेक्निशियन, फार्मसी, बिलिंग, मामा-मावशी, सिक्युरिटी. त्यातले निम्मे कंत्राटावर. चौघांचे प्रश्न वेगळे, भाषा वेगळी, राग वेगळा.

दुसरा फरक परवान्याचा. फिटरकडं आयटीआयचा कागद नसला तर फार तर काम बिघडेल. इथं प्रत्येकाची कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, हे बघणं तुमच्या गळ्यात. एमबीबीएस आणि पुढच्यांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, बीएएमएसची वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, नर्सेसची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, फार्मासिस्टची आणखी निराळी. मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी, आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. मोठमोठे सर्जन हे विसरतात. आठवण करायची ती तुम्ही, आणि तीही त्यांचा मूड बघून.

त्यात कोल्हापूरची एक खास गोष्ट. निपाणी, बेळगाव हाकेच्या अंतरावर. तिकडं शिकून तिथल्या कौन्सिलला नोंदणी झालेल्या मुली इकडं नोकरीला येतात. त्यांना महाराष्ट्राच्या कौन्सिलची नोंदणी करून घ्यावी लागते. ‘अर्ज केलाय, येईल’ या एका वाक्यावर माणसं वर्ष-वर्ष कामावर असलेली मी पाहिलीत. हा धोका हॉस्पिटलचा तर आहेच, त्या पोरीचाही आहे.

बाकीचं रात्री लिहितो, मीटिंगला बोलावलंय.

रात्रपाळी

मी नर्सिंगची. मिरजेत शिकले, मिरजेत आणि कोल्हापुरात नोकरी केली, मेट्रन म्हणून निवृत्त झाले. भुदरगडींनी कागदाची बाजू लिहिली. मी वॉर्डाची लिहिते.

शिरोलीकरीण बाळ, हॉस्पिटलचा सगळा कारभार एका कागदावर चालतो, तो म्हणजे ड्युटी लिस्ट. इन्चार्ज सिस्टर महिन्याची किंवा आठवड्याची लावते. सकाळ, दुपार, रात्र, ऑफ. तो कागद वाचता येत नसेल तर एचआरच्या खुर्चीत बसून काही उपयोग नाही. कुणाला सलग रात्री लागल्यात, कुणाचा ऑफ नेहमी रविवारी येतो, कुणाचं नाव डबल ड्युटीला सारखं दिसतं, हे बघ. त्यातून कोण पुढच्या महिन्यात नोकरी सोडणार ते कळतं. राजीनामा हातात पडेपर्यंत थांबायला लागत नाही.

आमच्या मुली कुठल्या? चंदगड, आजरा, गगनबावडा, राधानगरी, थोड्या कोकणातल्या. वडिलांची दोन एकर शेती नाहीतर तीही नाही, कर्ज काढून जीएनएमची (नर्सिंगचा डिप्लोमा) ३ वर्षं केलेली. हॉस्टेल नाहीतर चौघीत एक खोली. दुपारची ड्युटी रात्री ८ ला संपते म्हणतात. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवून, नोट्स लिहून बाहेर पडेपर्यंत नऊ वाजतात, आणि गावाकडची एसटी गेलेली असते. मुलाखतीत ‘तू पाच वर्षांनी कुठं असशील’ असलं विचारत बसण्यापेक्षा, दुपारपाळीनंतर घरी कशी जाणार ते विचारावं. त्यावर ती किती दिवस टिकेल ते ठरतं.

सण तर विचारूच नको. गौरीला माहेरवाशीण, दिवाळी, जोतिबाची चैत्र यात्रा. सगळ्यांनाच रजा हवी, आणि पेशंट काही यात्रेला जात नाहीत. मी वर्षाच्या सुरुवातीलाच वही फिरवायचे, प्रत्येकीनं कुठला एक सण हवा तो लिहायचा, गेल्या वर्षी दिवाळी घेतलेलीला यंदा गणपती. भांडणं झाली तरी वही सगळ्यांसमोर असायची. एचआरवाले आले आणि म्हणाले, मॅडम, रजेचा अर्ज आता ॲपवर. ॲपवर अर्ज आला, नामंजूर झाला, कुणी केला ते कळेना. मुली माझ्याकडं रडत आल्या. ॲप वाईट नाही, पण नाही म्हणणाऱ्याचं तोंड दिसायला हवं.

२०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता, आठवत असेल. वॉर्डात होत्या त्या मुली वॉर्डातच राहिल्या. रिलीव्हर येऊच शकत नव्हती. तेव्हा पोरींना जेवायला काय, झोपायला कुठं, घरी निरोप कसा, हे बघणारं माणूस लागतं. ते एचआरचं काम की मेट्रनचं, यावर वाद घालायला तेव्हा कुणाला फुरसत नव्हती. पण पुढच्या पावसाळ्याआधी तो कागद तयार असावा. पंचगंगेचं पाणी वाढलं की कोण आत राहणार, कोणाची घरं पाण्याच्या पलीकडं आहेत, त्याची यादी. हे कुणी एनएबीएचसाठी नाही, कोल्हापूरसाठी करायचं.

वांड

सगळं खरं, पण शेवटी एचआर मालकाचाच माणूस. पगार कोण देतो त्यावर निष्ठा ठरते. उगाच पोरींचा कैवारी व्हायला जाल आणि तीन महिन्यांत बाहेर पडाल.

भुदरगडी

वांड, मालकाचा माणूस आहे हे मान्य. पण मालकाला खरं सांगणारा माणूस मालकाकडं दुसरा नसतो. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात, अकाउंटंटला आकडे दिसतात, माणसं दिसत नाहीत. आयसीयूतल्या तीन सिस्टर एका महिन्यात गेल्या तर नवीन तीन मिळेपर्यंत किती बेड बंद ठेवावे लागतील, हे मालकाच्याच भाषेत मांडा. ऐकतात. कळकळीनं सांगितलेलं नाही ऐकत, हेही कबूल.

कालचं अर्धं राहिलेलं. माणसं किती लागतात याचा हिशेब आधी शिका, कारण पहिल्याच आठवड्यात सर विचारतील, ‘एवढा स्टाफ कशाला?’ एका जागेवर चोवीस तास एक सिस्टर हवी तर लोक म्हणतात तीन शिफ्ट, तीन माणसं. चुकतं. आठवड्याला २१ ड्युट्या, एक माणूस करतो ६. म्हणजे ३.५. त्यावर रजा, आजारपण, ट्रेनिंग यासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात ३० टक्के राखीव धरलेत. ३.५ गुणिले १.३, साधारण साडेचार. सरांना तीनचाच आकडा माहीत असतो, आणि मधला दीड माणूस डबल ड्युटीतून निघतो. रात्रपाळी ताई ज्या डबल ड्युटीबद्दल लिहितात, तिचा उगम इथं आहे. मुली कामचुकार म्हणून डबल ड्युटी लागत नाही, गणितच अर्धवट केलेलं असतं.

आता एनएबीएच. बाहेरून फार मोठं वाटतं. मनुष्यबळ व्यवस्थापनाचा त्यात स्वतंत्र भाग आहे. भरती कशी करता, नवीन माणसाला हॉस्पिटलची ओळख कशी करून देता, ट्रेनिंग, वर्षाचं मूल्यमापन, शिस्तीची आणि तक्रारीची पद्धत, स्टाफची तब्येत, आणि प्रत्येकाची फाइल. नवखे एचआर फाइली सजवण्यात सहा महिने घालवतात. खरी कस लागणारी गोष्ट आहे क्रेडेन्शिअलिंग आणि प्रिव्हिलेजिंग. पहिल्यात कागद खरे आहेत का, ते मूळ ठिकाणाहून पडताळायचं. झेरॉक्सवर ‘ओरिजिनल पाहिले’ असा शिक्का मारला म्हणजे पडताळणी झाली नाही. दुसऱ्यात या माणसाला या हॉस्पिटलात नेमकं काय काय करायची परवानगी, ते ठरवायचं. जनरल सर्जन आहे म्हणून प्रत्येक दुर्बिणीची शस्त्रक्रिया आपोआप करता येत नाही. शिक्षण, अनुभव, केसेस बघून डॉक्टरांची समिती ठरवते, तुम्ही तो सगळा व्यवहार चालवता. नर्सिंगलाही तेच, केमो कोण देणार, व्हेंटिलेटरवरचा पेशंट कोण सांभाळणार. फाउंड्रीच्या एचआरला हे कधीच करावं लागत नाही. हे ज्याला येतं त्याला दुसरं हॉस्पिटल लगेच उचलतं.

स्टाफची तब्येत हा भाग तर हमखास दुर्लक्षित. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने. पहिला सगळे घेतात, तिसऱ्याच्या वेळी निम्मे विसरलेले नाहीतर नोकरी सोडलेले. कचरा उचलणाऱ्या मामा-मावशींना लस आणि दर वर्षी तपासणी, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतच आहे, मग ते कंत्राटदाराचे असले तरी. सुई टोचली तर काय, हे रात्री दोन वाजता झोपेतून उठवून विचारलं तरी स्टाफला सांगता यायला हवं. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितक्या लवकर तितकं बरं. एक्स-रेवाल्यांचे टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारे) वेळेवर तपासणीला जातात का, तेही बघा. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून हात एक्स-रेखाली घालणारे टेक्निशियन मी पाहिलेत.

तीस खाटा

मी डॉक्टर आहे, छोटं हॉस्पिटल चालवतो. वाचून वाटलं की आम्ही सगळे पोरींचं रक्त पिणारे आहोत. जरा आमचंही ऐका. भाडं, ऑक्सिजन, लिफ्टचा मेंटेनन्स, वीज, फायरची एनओसी, सरकारी योजनेचे पैसे येतात तेव्हा येतात. मुलगी येते, आयसीयूत कॅथेटर कसा लावायचा ते आमच्याकडं शिकते, वर्षभरात सरकारी भरतीची जाहिरात निघते आणि एका सकाळी फोन बंद. नोटीस नाही, काही नाही. मग मी ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतो. बरोबर नाही हे मलाही कळतं, पण दुसरं काय करू?

चलन पावती

डॉक्टरसाहेब, तुमची अडचण खरी आहे, उपाय खोटा आहे. मी शाहूपुरीत लेबर लॉचं काम करतो, दोन्ही बाजूंची माणसं येतात माझ्याकडं. मूळ सर्टिफिकेट ही त्या मुलीची मालमत्ता. तिनं पोलिसांत अर्ज दिला की तुम्हीच माझ्या ऑफिसात धावत येता. नोटीस पिरियड पाळला नाही तर पगारातून काय आणि किती, ते नेमणूकपत्रात लिहा. पण त्यासाठी आधी नेमणूकपत्र हवं. तीस-चाळीस खाटांच्या ठिकाणी निम्म्यांना ते दिलेलंच नसतं, आणि नसेल तर नोटीस कशाच्या आधारावर मागणार?

शिरोलीकरीण ताईंसाठी कायद्याचं थोडं. फाउंड्रीत फॅक्टरी ॲक्टची सवय झालेली असेल. इथं ओळख करून घ्यायची ती महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची, त्यात हॉस्पिटल, प्रसूतिगृह, क्लिनिक स्पष्ट आलेत, २० किंवा जास्त माणसं असतील तर (२०२५ च्या दुरुस्तीआधी १० होती). दिवसाला १० तास (दुरुस्तीआधी ९), आठवड्याला ४८. आता रात्री ८ ते सकाळी ८ ची ड्युटी यात कुठं बसते, हा प्रश्न मी अनेक हॉस्पिटलांत विचारलाय, उत्तर म्हणून चहा मिळालाय. रात्री साडेनऊनंतर बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची, जाण्यायेण्याची सोय बघावी लागते.

पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) तुम्हाला येतंच. ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० रुपये, कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. हॉस्पिटलात याचा एक तिरका परिणाम दिसतो. नर्सिंगमध्ये बहुतेक तरुण मुली. बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. ईएसआयमध्ये असेल तर तो पगार ईएसआय देतं, मर्यादेबाहेर गेली की हॉस्पिटलला द्यावा लागतो. म्हणून काही ठिकाणी पगारवाढ २१ हजाराच्या अलीकडंच अडकून बसते. तुम्ही एचआर म्हणून गेलात तर हा हिशेब तुमच्यापुढं नक्की येईल. लग्न झालेली मुलगी घ्यायची नाही, हा सल्लाही कुणीतरी दबक्या आवाजात देईल. तो लिहून मागा, कुणी देत नाही.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती १० माणसांपासून लागते. अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या सदस्य बायका, एक सदस्य बाहेरची. हॉस्पिटलात तक्रार बहुतेक वेळा वरच्याविरुद्ध असते आणि वरचा पेशंट आणणारा असतो. ती समिती कागदावरची की खरी, ते तिथंच कळतं.

शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. नेमणूकपत्र सगळ्यांना देणं, आणि वेतनाची नवी व्याख्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. बेसिक बारीक आणि भत्ते जाड ठेवणाऱ्या हॉस्पिटलांची पगारपत्रकं यात नव्यानं मांडावी लागतात. म्हणजे ताई, तुम्हाला कामाची ददात नाही.

तीस खाटा

नेमणूकपत्राचा मसुदा कुठं मिळेल?

चलन पावती

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

भुदरगडी

पगाराचा विषय निघालाच आहे म्हणून. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्रानं समिती नेमली होती, खासगी हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या पगारावर. तिनं सुचवलं, २०० बेडच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असेल तर सरकारीपेक्षा १० टक्क्यांहून कमी नको, ५० ते १०० मध्ये २५ टक्क्यांहून कमी नको, आणि ५० च्या आत किमान २०,००० रुपये. ही शिफारस आहे, राज्यांनी अमलात आणायची. इकडं कुणी पाळतंय असं मला दिसलं नाही. पण सरकारी भरती निघाली की फोन का बंद होतो, याचं उत्तर त्या दोन पगारांमधल्या फरकात आहे, डॉक्टरसाहेब. मुलीच्या कृतघ्नपणात नाही.

तीस खाटा

मान्य. पण तो फरक भरून काढायचा तर पेशंटच्या बिलात वाढवावा लागेल, आणि बिल वाढलं की याच मंचावर दुसरा धागा निघेल.

खासबागचा पैलवान

निघंल की. मीच काढतो.

शिरोलीकरीण

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

चारच प्रश्न उरलेत. मला एमएचए (हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स) किंवा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा डिप्लोमा करावा लागेल का? हॉस्पिटलकडं जायच्या आधी काय विचारून घेऊ? नातेवाइकांनी राडा केला तर त्यात एचआर कुठं येतं? आणि पुढं काय, हे अजून कुणी सांगितलं नाही.

अस्थिरोगी

राड्याचं मी सांगतो, कॅज्युअल्टीत बिलिंगला होतो. राजारामपुरीतल्या एका रात्री काउंटरची काच माझ्या अंगावर आली. असल्या प्रकारांसाठी राज्यात २०१० चा कायदा आहे. हल्ला दखलपात्र, अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण गुन्हा नोंदवायला कुणी गेलं नाही, कारण नातेवाईक कुणाचे तरी कार्यकर्ते होते. दुसऱ्या दिवशी मला ड्युटीला बोलावलं, टाके घातलेले होते. माझ्या बरोबर पोलीस ठाण्यात यायला कुणी नव्हतं, रजा कुठल्या खात्यातली धरायची ते सांगायला कुणी नव्हतं. एचआर तिथं येतं. ताई, तुमच्या हॉस्पिटलात संस्थेच्या नावानं तक्रार द्यायची असा लेखी नियम करून घ्या. काउंटरवरच्या पोराच्या नावानं नको. तो पोरगा उद्या त्याच गल्लीतून घरी जाणार असतो.

भुदरगडी

अस्थिरोगी, हे वाचून वाईट वाटलं. नियम मात्र अगदी बरोबर सांगितलात.

ताई, पदवीचं. एमबीए एचआर पुरेसं आहे. एमएसडब्ल्यूवाल्यांना वॉर्डात उतरायची सवय असते म्हणून सुरुवातीला थोडं सोपं जातं, एवढंच. मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन चांगलं शिकवतात, पण तुम्हाला गाव सोडायचं नाही, तेव्हा आत्ता त्यामागं लागू नका. त्याऐवजी एनएबीएचचं अंतर्गत मूल्यमापकाचं ट्रेनिंग हॉस्पिटलच्या खर्चानं मागून घ्या. आधी काम, मग कागद.

पुढं काय? एचआर एक्झिक्युटिव्हचा मॅनेजर होतो, ते सरळच. पण आपल्या आकाराच्या गावात त्याहून चांगला रस्ता तिरपा जातो. एनएबीएचचं काम करता करता क्वालिटी हातात येतं, क्वालिटीतून ऑपरेशन्स, आणि एखादी प्रशासक होते. कोल्हापूर-सांगली-मिरज हा पट्टा हॉस्पिटलांनी भरलेला आहे, त्यात मेडिकल कॉलेजं, ट्रस्टची हॉस्पिटलं, बाहेरच्या साखळ्याही आल्यात. अनुभवी एचआर मात्र हाताच्या बोटांवर. शुद्ध एचआरमध्येच मोठं व्हायचं असेल तर मात्र कधीतरी पुणं गाठावं लागेल. खोटं कशाला बोलू?

जायच्या आधी चार गोष्टी विचारा. तुम्ही कुणाला रिपोर्ट करणार, डॉक्टरांना की अकाउंटंटला? अकाउंटंटला असेल तर तुम्ही पगारपत्रकच करत राहणार. गेल्या वर्षी किती सिस्टर गेल्या? आकडा माहीत नसेल तर तेही उत्तरच आहे. भरतीत शेवटचा शब्द कुणाचा? आणि घरातलं दुसरं कोण कोण कारभारात आहे?

रात्रपाळी

शेवटचा प्रश्न नीट विचार हं. आणि एकदा संध्याकाळी पावणेआठला जाऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बस. ओव्हर कशी देतात, एकमेकींशी कशा बोलतात, मामा-मावशींना कुणी नावानं हाक मारतं का, ते बघ. मुलाखतीत कुणी सांगणार नाही ते तिथं कळेल.

वांडना एक सांगायचंय. माझ्या नोकरीत एक एचआर अशी आली की रात्री अकराला डबा घेऊन वॉर्डात यायची. मुली आधी घाबरल्या, तपासायला आली म्हणून. ती नुसती बसायची. मालकाचीच माणूस होती ती, पण त्या वर्षी आमच्या वॉर्डातून कुणी गेलं नाही.

वांड

डब्यात काय असायचं?

रात्रपाळी

भाकरी आणि झुणका. आणि तू जरा सुधार.

एमएसडब्ल्यू भाग दोन

नमस्कार, मी या धाग्याची नुसती वाचक होते. मला फील्डवर्कसाठी हॉस्पिटल हवंय, सगळे कारखान्यातच पाठवतात. काय करू?

भुदरगडी

तुमच्या विभागातून पत्र घेऊन सरळ हॉस्पिटलच्या प्रशासकाला भेटा. एचआर ट्रेनी म्हणून मागू नका, फाइली लावायला बसवतील. एक वॉर्ड मागा, आणि एकच प्रश्न धरा. उदाहरणार्थ, नोकरी सोडून गेलेल्या सिस्टरांना फोन करून का गेलात ते विचारायचं. हॉस्पिटलला हे हवं असतं, पण करायला माणूस नसतो. नावं मात्र अहवालात घालू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी फोन उचलणार नाही.

शिरोलीकरीण

जाऊन आले. आधी बाकावर बसले, मग केबिनमध्ये.

रिपोर्टिंग मेडिकल डायरेक्टरना आहे. सोडून गेलेल्यांचा आकडा त्यांच्याकडं नव्हता, पण मेट्रननी वहीत बघून लगेच सांगितला, तेव्हा डायरेक्टर त्यांच्याकडं बघतच राहिले. घरातलं कारभारात आहे, सरांच्या भावजय खरेदी बघतात, भरतीत नाहीत असं म्हणाले. ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात आहेत, मी पाहिली. ती परत द्यायची, पडताळणी करून झेरॉक्स फाइलला ठेवायची, ही माझी पहिली अट सांगितली. सर म्हणाले, बघू. पगार माझ्या आत्ताच्याइतका करायला तयार झाले.

पप्पांना अजून पटलेलं नाही. त्यांना मेट्रनना भेटवायचा विचार आहे.

चलन पावती

‘बघू’ म्हणजे नाही असं धरा. ऑफर लेटरमध्ये तुमच्या कामाच्या यादीत ‘कर्मचाऱ्यांची मूळ कागदपत्रे परत करणे व पडताळणी पद्धत सुरू करणे’ असं एक वाक्य टाकून घ्या. सही झाली की फाउंड्रीत राजीनामा. त्याच्या आधी नको. आणि तिथला नोटीस पिरियड पूर्ण पाळा, आता तुम्ही एचआर आहात.

तीस खाटा

माझ्या कपाटातली अकरा परत केली. एकजण लगेच सोडून गेला. बाकीचे आहेत अजून.